दुसरी चिचुंद्री

जगात माणसानं चिचुंद्रीवर जेवढा अन्याय केला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही जिवावर केलेला नाही, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो अकरा वर्षं माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. आमचा जुन्नर-ओतूरचा भाग बिबट्यांचा. उसात बिबट्या दिसला की पेपरात फोटो, मोबाईलवर व्हिडिओ, वनखात्याची गाडी आणि बघ्यांची जत्रा. चिचुंद्रीचं नाव आमच्याकडे निघतं ते फक्त नळावरच्या भांडणात, आणि तेही जिभेवर आलेला दुसरा शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नसला तरच. माझ्या या भाडेकरूंना बिबट्याचं काडीइतकं कौतुक नव्हतं. "बिबट्याचं काय एवढं, बाई? लांबून बघितला तरी कळतं बिबट्या आहे म्हणून," असं ते म्हणायचे. "चिचुंद्री हातात धरून बघितली तरी ती नक्की कोण, हे सांगता येत नाही. खरा अवघड प्राणी तो." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की आपण इतकी वर्षं भलत्याच जनावराला घाबरत होतो असं समोरच्याला वाटावं.

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मी शाळेत मराठी शिकवून. त्यामुळे सगळं ओतूर त्यांना सर म्हणायचं आणि मला बाई, आणि आम्हीही एकमेकांना तेच म्हणत राहिलो. जागा बघायला आले तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं, गॅलरीत ऊन येतं का, असले प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. चप्पल काढून आत आले, भिंतीच्या कडेकडेनं एक चक्कर मारली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडे चिचुंद्र्या आहेत का?" मी ताठ मानेनं सांगितलं की या घरात तसलं काही नाही, दर शनिवारी मी सगळं घर फिनेलनं पुसते. "अरेरे," ते म्हणाले आणि परत चपला घालायला लागले. मी एकटी राहणारी बाई. निर्व्यसनी, शाकाहारी, पेन्शनर भाडेकरू हातचा जातोय हे दिसल्यावर मी कबूल करून टाकलं की गॅसच्या सिलिंडरमागे एक आहे, दिवाळीपासून आहे, आणि काही केल्या जात नाही. "एकच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "मोजायला पाहिजेत," ते म्हणाले, आणि जागा पसंत पडली.

त्यांच्यासमोर चिचुंद्रीला उंदीर म्हणायची सोय नव्हती. "उंदराची ती कुणी लागत नाही. चुलत नाही, मावस नाही, मानलेलीसुद्धा नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. उंदीर धान्य खातो, चिचुंद्री झुरळं खाते. घरादाराची फुकट सफाई करणाऱ्या या बाईला आपण केरसुणीनं बडवतो, हे त्यांचं खरं दुःख होतं. एकदा एका लग्नात पंगतीला शेजारच्या पाहुण्यानं सहज म्हटलं, "आमच्याकडं उंदीर लई झाल्यात. लांब नाकाचं, चिक् चिक् करत्यात." झालं. सरांनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला आणि चिचुंद्रीच्या दातांपासून सुरुवात केली. ती पंगत उठली, दुसरी बसली, तरी दोघं पानावरच. अखेर पाहुणा काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, चुकलं माझं. आजपासून एकबी न्हाई मारनार. पन मला आता हात धुवू द्या." गावातल्या खताच्या दुकानात तर सर उगीचच जाऊन बसायचे आणि उंदराचं औषध मागायला आलेल्या प्रत्येकाला ते कशासाठी हवंय, नाक लांब आहे की आखूड, अशी उलटतपासणी घ्यायचे. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "सर, तुमी रोज या, च्या घ्या, पेपर वाचा. पन गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसत जा, राव."

आता या सगळ्यामागं त्यांचं म्हणणं काय होतं ते सांगायला हवं, कारण ते मला समजायला दोन वर्षं लागली आणि तुमची तेवढी वर्षं घ्यायची माझी इच्छा नाही. चिचुंद्र्यांच्या जवळजवळच्या जाती बाहेरून सारख्याच दिसतात. रंग तोच, वास तोच, शेपूट तीच. कोण कुणातली हे बघायचं तर पेशीच्या आत शिरायचं आणि गुणसूत्रं मोजायची. आपल्याकडच्या घरातल्या चिचुंद्रीची भरतात चाळीस, म्हणजे वीस जोड्या. वीसेक वर्षांपूर्वी डिंगोऱ्याच्या एका गोठ्यात सरांनी जी चिचुंद्री धरली, तिची भरली अडतीस. त्यांनी ते रीतसर लिहून पाठवलं. मोठ्या ठिकाणच्या मोठ्या माणसांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की एका प्राण्यावरून काही ठरत नाही, मोजताना गफलत झाली असेल. गंमत म्हणजे सरांना याचा जरासुद्धा राग नव्हता. "बरोबरच आहे त्यांचं. एक म्हणजे चूक, बाई. दोन म्हणजे जात," असं ते शांतपणे म्हणायचे. तेव्हापासून हा माणूस अडतीसवाली दुसरी चिचुंद्री शोधत होता. नोकरी संपली, बायको गेली, केस गेले, शोध काही संपला नाही.

मोजायचं कसं, हे त्यांनी मला गॅलरीतून शिकवलं. पेशी फुटून आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरायला हवीत, त्यासाठी थेंब उंचावरून काचेच्या पट्टीवर पाडायचा असतो, म्हणे. मला पट्टी घेऊन खाली अंगणात बसवलं आणि स्वतः वरून ड्रॉपरनं कोऱ्या चहाचे थेंब सोडायला लागले. दोन थेंब पट्टीवर पडले, तिसरा नेमका दूधवाल्याच्या टोपीवर. त्यानं वर बघून विचारलं, "सर, काय पाडताय वरनं?" सर तिथूनच ओरडले, "गुणसूत्रं सुटी करतोय!" दुसऱ्या दिवसापासून दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून जायला लागला. मी तक्रार केली तर सर म्हणाले, "तुमचा हात हलला."

जन्मभर जोड्या लावल्यानं त्यांच्या हाताला एक खोडच लागली होती. पूर्वी म्हणे गुणसूत्रांचा फोटो मोठा करून घ्यायचे, त्यातलं एकेक कात्रीनं कापायचं आणि सारख्याला सारखं शोधून, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं कागदावर चिकटवायचं. ही सवय कागदापुरती राहिली नाही. मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग दिसला की सर आत जायचेच नाहीत. तिथेच उकिडवे बसून जोड्या लावायला लागायचे. कोल्हापुरी एकीकडे, सॅंडल एकीकडे, मापाप्रमाणे रांगेत. आत अक्षता पडायच्या आणि हे बाहेर कुणाचा तरी डावा बूट हातात धरून उजवा शोधत असायचे. जुन्नरला एका वऱ्हाडी बाईनं तर त्यांच्यापुढे चपला काढून टोकनच मागितलं. सरांनी खिशातलं एसटीचं जुनं तिकीट फाडून तिला अर्धं दिलं आणि अर्धं चपलेत ठेवलं. पण एखादी चप्पल जोडीविना उरली की त्यांचा जीव थोडा थोडा व्हायचा. जेवणातसुद्धा लक्ष लागायचं नाही. "हिचं काय झालं असेल?" असं दोनदोनदा विचारायचे.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं. मधोमध डाग. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, आजूबाजूचं सगळं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं सांभाळा. त्या संध्याकाळी सर पहिल्यांदाच वरून खाली चहाला आले ते एक पाकीट आणि कात्री घेऊनच. आता तंत्र सुधारलं होतं, चिचुंद्रीला मारावं लागत नव्हतं. कानाचा तिळाएवढा तुकडा काढून पुण्याला पाठवायचा, तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करणारी सरांची जुनी विद्यार्थिनी तो वाढवायची आणि फोटो पाठवायची. तिला मात्र मोजायची परवानगी नव्हती. तयार करणाऱ्यानं मोजायचं नाही, नाहीतर मन आधीच आकडा ठरवून बसतं, असा सरांचा कडक नियम. "मोजणारा माणूस असा हवा," ते म्हणाले, "की ज्याला चिचुंद्रीबद्दल जराही प्रेम नाही. मला तुमच्याइतकं लायक कुणी आठवलं नाही." आयुष्यात माझी एवढी मोठी शिफारस कुणी केली नव्हती. मी चष्मा पुसला आणि कात्री हातात घेतली.

तेव्हापासून आमचे रविवार लागले. मी स्कूटर चालवायची, सर मागे बसायचे, दोन्ही हातांत उंदराचे पिंजरे, गळ्यात थर्मास. शनिवारी गावोगावी ओळखीच्या घरी पिंजरे लावायचे, रविवारी सकाळी गोळा करायचे. पिंजऱ्यात आमिष सुकटीचं. सर माळकऱ्याच्या घरचे, त्यामुळे ती बाजारातून आणायचं काम माझं. महिन्याभरात सगळ्या आळीत बातमी झाली की बाई या वयात सुकट खायला लागल्या. दुसरी बातमी काय झाली असेल ते मी इथे लिहीत नाही. एक विधुर, एक बिनलग्नाची आणि एक स्कूटर, एवढ्या भांडवलावर गाव किती दिवस काढू शकतं हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. आम्ही घोडेगावला गेलो, पार डिंभ्याच्या धरणाच्या कडेपर्यंत गेलो. बेल्ह्याला तर बैलबाजाराच्या दिवशी जाऊन पोचलो, कारण टेम्पोतल्या वैरणीबरोबर चिचुंद्र्याही गावोगाव फिरतात असा सरांना दाट संशय होता. तिथं टेम्पोखाली वाकून बघणारे सर आणि त्यांच्या हातातला वीतभर पिंजरा पाहून एक व्यापारी म्हणाला, "पावणं, ह्याच्यात बिबट्या मावल का?" सगळा बाजार हसला. सर गंभीरपणे म्हणाले, "बिबट्या नको आहे. त्याची मोजणी झालेली आहे." आणि जिनं वर्गात झुरळ निघालं तेव्हा टेबलावर चढून कविता पूर्ण केली होती, ती मी, चिचुंद्रीला फडक्यात धरून तिच्या कानाला कात्री लावायला शिकले. दर वेळी फोटो आले की मी कापायची, लावायची, मोजायची. दर वेळी चाळीस. "चाळीस, सर," मी सांगायची. "असू द्या, असू द्या," ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी डिंगोऱ्याला."

दर रविवारी संध्याकाळी नागपूरहून त्यांच्या मुलीचा फोन यायचा. सर गॅलरीत उभं राहून, नागपूरपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे अशा थाटात बोलायचे, त्यामुळे एक बाजू मला स्वयंपाकघरात सगळी ऐकू यायची. मुलगी बोलवायची. एकटे कशाला राहता, डोळे असे, पडलात बिडलात तर कोण आहे. आणि सर दर वेळी तेच सांगायचे, "येतो गं. दुसरी सापडली की येतो. नक्की येतो." मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मनातल्या मनात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या तमाम चिचुंद्र्यांना म्हणायची, लपून राहा गं बायांनो.

त्यांना ती दुसरी का हवी आहे, हे मला वाटत होतं तसं नव्हतं. मी समजत होते, माणसाला नाव हवं असतं. पण एकदा दुपारी डिंगोऱ्याहून मोकळे पिंजरे घेऊन येताना फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा सर कपाकडे बघत म्हणाले, "बाई, तेव्हा कानावर भागत नव्हतं. हाडातली मज्जा लागायची. आधी मारायची, मग मोजायची. आमची ही बरोबर होती त्या दिवशी. म्हणाली, 'राहू द्या हो, केवढीशी आहे.' मी म्हटलं, 'गावभर पडल्यात, एकीनं काय होतंय?'" त्यांनी कप खाली ठेवला. "मग मोजली. अडतीस. सतरा वेळा मोजली. लोक म्हणतात चूक असेल. मी रोज देवाला म्हणतो, चूकच असू दे. पण चूक नव्हती, बाई. आणि तिच्यासारखी दुसरी मला आजवर मिळाली नाही. ती शेवटची असली तर? शेवटची होती आणि मी ती मोजायला म्हणून मारली, असं असलं तर?" मी तिखट जिभेची बाई आहे, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती जीभ चहा सांगण्यापुरतीच चालली. मी आणखी दोन चहा सांगितले आणि दोन्ही गार झाले.

गेल्या वर्षी, भात काढायच्या दिवसांत, डिंगोऱ्याच्या एका वस्तीवरून सकाळी फोन आला. तिथल्या वहिनींच्या गोठ्यात आमचा पिंजरा कायमचा मुक्कामाला असायचा. "बाई, सरांना घेऊन या बिगीबिगी. आगगाडी घावलीय!" आम्ही गेलो तर गोठ्याच्या भिंतीलगत एक घमेलं पालथं घातलेलं आणि त्यावर वहिनी स्वतः बसलेल्या. चिचुंद्रीची पिल्लं आईच्या शेपटाशी एक, त्याच्या शेपटाशी दुसरं, अशी तोंडानं धरून रांगेत चालतात. ती सगळी रांगच त्यांनी झाकून टाकली होती. "पिंजऱ्यात गेली न्हाई. कडंकडंनं चालली व्हती, मागं चार पोरं. मालक म्हनले, हान टिकाव. मी म्हनलं, खबरदार, सरांची हाय ती." सर गुडघ्यावर बसले. मी घमेल्याखाली हात घालून आईला फडक्यात धरली, पिल्लं तिला चिकटूनच आली. कानाचा तुकडा काढला, तो जिवंत ठेवणाऱ्या गुलाबी पाण्याच्या कुपीत टाकला आणि सगळी आगगाडी होती तिथेच भिंतीला लावून दिली. सर ती नुसती ऐकत होते. चिक् चिक् आवाज वैरणीत शिरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

फोटो यायला तीन आठवडे लागले. दुपारची वेळ होती. सर वर आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होते, ते मला छतातून कळत होतं. मी जेवणाच्या टेबलावर पहिला फोटो कापला आणि जोड्या लावायला बसले. अठरा जोड्या सरळ लागल्या. आणि मग तीन उरली. मी पुन्हा मोजली. एकोणचाळीस. एक कुठेतरी उडून गेलं असं वाटून मी पंखा बंद केला, टेबलाखाली वाकले, चटई झटकली, केरसुणी घेऊन सगळी खोली झाडली. एक वाळकं कढीलिंबाचं पान मिळालं, गुणसूत्र काही मिळालं नाही. दुसरा फोटो कापला. एकोणचाळीस. तिसरा, एकोणचाळीस. सहाच्या सहा फोटोंत एकोणचाळीस, आणि दर वेळी तीच तीन उरलेली. एक मोठं आणि दोन छोटी.

याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक नव्हतं. पण अडतीस म्हटलं तर सर नागपूरला जाणार आणि चाळीस म्हटलं तर पुढच्या रविवारी पुन्हा डिंगोरे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि एकोणचाळीस हे चाळीसच्या किती जवळ असतं! एकच तर कमी. फोटो मीच बघणार होते, पुण्याची विद्यार्थिनी कधी आकडा विचारत नव्हती, सरांना दिसत नव्हतं. मी जन्मभर मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, निबंध लिहायला लावले, आणि टेबलाशी बसून मी "चाळीस, सर" हे दोन शब्द आवाज न कापता कसे म्हणायचे याची चक्क तालीम केली. तीनदा केली. मग जिना चढून वर गेले, आणि ते दारातच उभे होते, आणि त्यांचा चेहरा पाहून माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"एकोणचाळीस, सर."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग हळूच म्हणाले, "उरलेली कशी आहेत?"

"एक मोठं. दोन छोटी. तिघांनाही जोडी नाही."

"ती दोन छोटी टोकाला टोक लावून मोठ्याशेजारी ठेवा बघू."

मी खाली येऊन कागद घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर ठेवून बघितलं. दोन छोटी मिळून बरोबर मोठ्याएवढी भरत होती. मी तसं सांगितल्यावर सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी घाबरले. म्हटलं, "सर, चुकलं का काही?" त्यांनी मान हलवली. मग शिकवायच्या आवाजात, पण मध्येच अडखळत, त्यांनी मला सांगितलं. चाळीसवालीत जी दोन सुटी असतात ती अडतीसवालीत एकमेकांना जोडलेली असतात. हिला एकीकडून सुटी आली आणि दुसरीकडून जोडलेलं आलं. म्हणजे हिच्या घराण्यात कुणीतरी सरांच्या त्या अडतीसवालीसारखं होतं. "आणि हिच्यामागं पिल्लं होती ना, बाई? किती?"

"चार."

"चार. धडधाकट. म्हणजे यांचं आपसांत लग्न लागतं, संसार होतो, पोरंबाळं होतात. मग कसली वेगळी जात? एकाच जातीची माणसं ही. कुणी एकत्र कुटुंबातली, कुणी वेगळी निघालेली." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "वीस वर्षं म्हणत होतो, दोन म्हणजे जात. सपशेल चुकलो. सगळं संशोधन पाण्यात. पण ती शेवटची नव्हती, बाई. तिचे लोक आहेत डिंगोऱ्यात. अजून आहेत."

मी इतकं हरलेलं आणि इतकं सुटलेलं माणूस एकाच खुर्चीत बसलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल आनंद झाला. खोटं कशाला लिहू, अर्धाच झाला. रविवारी नागपूरचा फोन आला तेव्हा सर गॅलरीत गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. मला एक शब्द ऐकू आला नाही, आणि ऐकायची गरजही नव्हती. पुढचं पुण्याची विद्यार्थिनी रीतसर लिहिणार होती. सरांनी तिला सगळे कागद देऊन टाकले. पिंजरे त्यांनी वस्तीवरच्या वहिनींना दिले. वहिनी म्हणाल्या, "आन् आता मी कुनासाठी धरू?" सर म्हणाले, "आता धरू नका. नुसतं मारू नका."

जायच्या दिवशी मी त्यांना ओतूरच्या स्टँडवर सोडायला गेले. नागपूरची मुलगी पुण्याला घ्यायला येणार होती, तिथून पुढे रेल्वे. बॅग एकच. पुण्याची एसटी लागलेली, कंडक्टर खाली उभा. मी सरांना दारापर्यंत हात धरून नेलं आणि तिथे माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सर, एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी चाळीस म्हणणार होते."

सर पायरीवर एक पाय ठेवून थांबले. कंडक्टर म्हणाला, "चला सर, टाइम झाला, आत बसा." सर चढले, दांडा धरून वळले आणि म्हणाले, "म्हणायचं होतं की, बाई."

गाडी सुटली. मी स्टँडवर बराच वेळ उभी राहिले, कुणीतरी विचारलं, "बाई, कुठं जायचंय?" तेव्हा घरी आले. आता वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आहेत. नवरा-बायको दोघं बँकेत आहेत, वेळेवर जातात, वेळेवर येतात, अतिशय चांगली माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही. सर तिकडे नागपूरला सातव्या मजल्यावर राहतात. मधूनमधून फोन येतो, मुलगी लावून देते. तब्येत विचारून होते, पाऊसपाणी विचारून होतं, मग फोन दोघांच्याही हातात तसाच राहतो. ते म्हणतात, सगळं छान आहे. मीही म्हणते, सगळं छान आहे. मला करमत नाही.